भिंत कोणाची? जोडघर व सुटे घर यांचा पूर्वेतिहास

बालाघाटच्या दिवाणी न्यायालयात जे दावे वर्षानुवर्षे चालतात त्यांत भिंतीच्या दाव्यांची एक स्वतंत्र जात आहे. शेताच्या बांधावरून होणारे तंटे संख्येने अधिक असतील. परंतु कडवटपणात भिंतीच्या दाव्याची सर त्यांना येत नाही. बांधापलीकडचा मनुष्य दिवसातून एकदा दृष्टीस पडतो. भिंतीपलीकडच्याचा खोकलादेखील कानी येतो. खिळा कोणी ठोकला, तुळई कोणी खोचली, कोणाच्या पागोळीचे पाणी कोणाच्या भिंतीत मुरले, अशा क्षुल्लक कारणांवरून उभा राहिलेला दावा बापाकडून मुलाकडे वारसाने आलेला मी पाहिला आहे.

अलीकडे मात्र दाव्याच्या आधीचाच एक प्रश्न घेऊन तरुण दांपत्ये येऊ लागली आहेत. लग्नाला चार-पाच वर्षे झालेली, पदरी एक मूल, बँकेने कर्ज मंजूर केलेले, आणि हातात दोन मसुदे. एक मसुदा नव्या वसाहतीतील ओळीच्या घराचा असतो. आमच्याकडील जाहिरातीत त्याला डुप्लेक्स म्हणतात, पुण्या-नाशिकाकडे रो-हाउस म्हणतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे एक वाहन उभे राहील एवढी जागा, मागे धुणे वाळत घालण्यापुरते आकाश. दुसरा मसुदा गावाबाहेरच्या प्लॉटचा असतो; त्यावर चारी बाजू मोकळ्या सोडून स्वतंत्र घर बांधावयाचे. ‘वकीलसाहेब, यांतले कोणते घ्यावे?’ वास्तविक कागद तपासून देणे एवढेच माझे काम. पण निव्वळ कागदाने उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हे. आपल्या लोकांनी तो गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा सोडविलेला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचे मोल मोजलेले आहे. त्या हकिकतीचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. सोयीसाठी पहिल्या प्रकाराला जोडघर आणि दुसऱ्याला सुटे घर म्हणू.

आरंभ आमच्या जिल्ह्यापासूनच करतो. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बनविण्यात आला. ज्याला आज बालाघाट शहर म्हणतात त्याचे जुने नाव बुऱ्हा. वैनगंगेच्या खोऱ्यातील या भातपट्ट्यात खेड्यातले घर हे मुळात सुटेच. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, पुढे आंगण, बाजूला गुरांचा कोठा, मागे भाजीपाल्याची बाडी. अशा घराला स्वतंत्र भिंत असावी ही कोणाची हौस नव्हती. गुरे, गवत, शेणखत आणि भाताचे पुंजणे यांना जागा लागे, म्हणून घरे एकमेकांपासून दूर सरकत. घराखालच्या जमिनीला, म्हणजे आबादीला, मध्य प्रांताच्या महसूल-पद्धतीत स्वतंत्र स्थान होते, आणि १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेतही आबादीची व घरजागेची कलमे वेगळी ठेविलेली आहेत. मालगुजारी १९५१ साली गेली, तरी राहत्या घराची जागा ज्याची त्याच्याकडेच राहिली. येथील माणसाच्या मनात ‘घर म्हणजे चारी बाजूंनी फिरता आले पाहिजे’ ही कल्पना रुजली आहे ती अशी खेड्यातून आलेली आहे.

बाजारातली गोष्ट निराळी. रस्त्यावरची दर्शनी जागा महाग. म्हणून दुकानदारांची घरे अरुंद आणि लांबट, एकाला एक चिकटलेली. पुढे दुकान, मागे संसार. आणि तिसरा नमुना साहेबांचा. जिल्हा झाला तसे अधिकारी आले, आणि त्यांच्याबरोबर विस्तीर्ण आवारातले बंगले आले. बंगला हा शब्द मूळचा ‘बंगालच्या तऱ्हेचे घर’ अशा अर्थाचा. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो उचलला आणि दोनशे वर्षांनी सत्तेच्या मोहरेसह आपल्यालाच परत केला. आज प्लॉटवर ‘बंगलो टाइप’ घर बांधू पाहणारा तरुण कारकून या तिन्ही नमुन्यांचा वारस आहे. खेड्यातल्या आजोबांची बाडी, बाजारातल्या मामांचे लांबट घर आणि कलेक्टरसाहेबांचा बंगला ही तिन्ही चित्रे त्याच्या डोळ्यांपुढे एकदम उभी असतात. घोटाळा होतो तो त्यामुळेच.

पुण्याकडील वाडा व कोकण-कानड्याकडील देवळाभोवतीची वस्ती यांची परंपरा याहून वेगळी. पेशवाईतील पुण्याच्या पेठांत वाड्याला वाडा लागून असे. पाहणाराला रस्त्यावरून दिसे ती जवळजवळ कोरी भिंत आणि एक दिंडीदरवाजा. उजेड आणि वारा बाहेरून घ्यावयाचाच नव्हता. तो मधल्या चौकातून घ्यावयाचा होता. बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असली म्हणून काही बिघडत नसे, कारण त्या भिंतीकडून काही अपेक्षाच नव्हती. गोव्यातील जुन्या सारस्वत घरांतील राजांगण आणि त्यातले तुळशीवृंदावन यांचे तत्त्वही हेच, जरी ती घरे बहुधा स्वतःच्या कुळागरात सुटी उभी असत. पोर्तुगीजांच्या छळामुळे सोळाव्या शतकात सासष्टी-तिसवाडीतील देव अंत्रूज महालात हलविले गेले, आणि पुढे त्या देवळांभोवती अग्रशाळांच्या ओळी उठल्या. मंगेशी किंवा कवळे येथे उत्सवास गेलेल्या वाचकांना त्या परिचित आहेत: एका ओसरीवर उघडणाऱ्या खोल्यांची रांग, प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड, मधली भिंत सर्वांची. तिकडे मंगळुरूच्या कार स्ट्रीटसारख्या रथवीथींवर देवळाच्या सान्निध्यासाठी माणसांनी अरुंद दर्शनी जागा पत्करली आणि घरे मागे लांबवीत नेली. देवाच्या जवळ राहावयाचे तर शेजाऱ्याच्याही जवळ राहावे लागते, हा व्यवहार आपल्या लोकांना नवा नाही.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. वाड्यातली असो की अग्रहारातली, त्या काळची सामाईक भिंत नात्याच्या किंवा ज्ञातीच्या दोन माणसांमध्ये असे. तंटा झालाच तर घरातले वडील, पंच किंवा मठाधिपती तो मिटवीत. कायद्यानेही ही वस्तुस्थिती ओळखली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या ४४ व्या कलमात असे ठरविलेले आहे की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा कोणी परक्याने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात येऊन कुटुंबीयांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. पुढे १८९३ च्या विभाजन अधिनियमाच्या ४ थ्या कलमाने आणखी पुढचे पाऊल टाकले: अशा परक्याने वाटणीचा दावा लावला, तर घरच्या मंडळींनी त्याचा हिस्सा योग्य किमतीस विकत घ्यावा आणि त्याला बाहेरच ठेवावे. भिंतीपलीकडे परका येऊ नये ही हिंदू कुटुंबाची भीती या दोन कलमांत शब्दबद्ध झालेली आहे.

याच १८८२ साली दुसरा एक कायदा झाला, आणि तो परक्यांमधल्या भिंतींसाठी होता. भारतीय सुविधाधिकार अधिनियम. आमच्या येथील हिंदी न्यायालयांत त्याला ‘सुखाचार’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण या कायद्याखाली येणाऱ्या पक्षकारांत सुख आणि आचार या दोहोंचाच अभाव असतो. एक मौज अशी की हा कायदा प्रथम मद्रास, मध्य प्रांत आणि कुर्ग एवढ्याच मुलखाला लागू झाला. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली मिळाला. म्हणजे उजेड-वाऱ्याच्या हक्काची संहिता बुऱ्ह्याच्या बाजाराला मुंबईच्या भुलेश्वराआधी नऊ वर्षे प्राप्त झाली होती! त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे खिडकीतून येणारा उजेड व वारा यांचा उपभोग वीस वर्षे शांतपणे व अखंड घेतला म्हणजे तो हक्क होतो. इमारतीला शेजाऱ्याकडून मिळणाऱ्या आधाराचेही तसेच. १८ वे कलम रूढीने येणाऱ्या हक्कांचे आहे, आणि त्याच्या उदाहरणांत शेजाऱ्याच्या घरातील एकांताचा भंग होईल अशी नवी खिडकी काढू नये या रूढीचा निर्देश आहे. १८८८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात घरातील स्त्रियांच्या एकांताचा हा रूढ हक्क मान्यही केला.

या तरतुदी वाचून जोडघरवाल्याचे समाधान व्हावे, पण होत नाही. कारण कायद्याने सांगितले ते खिडकीचे. सामाईक भिंतीची देखभाल, जाडी, तिच्यावर मजला चढविण्याचा अधिकार आणि खर्चाची विभागणी यांविषयी आपल्याकडे असा तपशीलवार स्वतंत्र कायदा झाला नाही. लंडन शहर १६६६ साली जळाले तेव्हा पुनर्बांधणीच्या कायद्यात दोन घरांमधल्या भिंतीचे नियम घालण्यात आले, आणि पुढे १९९६ साली इंग्लंडात सामाईक भिंतींसाठी वेगळा कायदाच झाला. तिकडील मध्यमवर्ग शेकडो वर्षे ओळीच्या घरांत राहू शकला, त्यामागे शिस्तप्रिय स्वभाव किती आणि हा लेखी बंदोबस्त किती, याचा विचार करण्यासारखा आहे. आमच्या घरांवर कवेलू होते तेव्हा दर पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागे, आणि शाकारणारा मनुष्य शेजाऱ्याच्या छपरावर पाय दिल्यावाचून आपले छप्पर शाकारू शकत नसे. तेवढ्या एका दिवसासाठी वर्षभर बोलणे ठेवावे लागे! स्लॅब आली, ती गरज संपली, आणि तेवढे बोलणेही संपले.

जोडघरांवर पहिला मोठा आघात केला तो प्लेगाने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगाचे निदान केले. पुढच्या वर्षी पुण्यात काय झाले ते मराठी वाचकाला सांगावयास नको. उंदीर भिंतीतून भिंतीत जातो. एका घरात उंदीर पडला की साऱ्या ओळीने गाव सोडावयाचे. रानात, माळावर झोपड्या घालून राहिलेल्या कुटुंबांना प्रथमच चारी बाजूंनी वारा लागणाऱ्या घराचा अनुभव आला. सरकारने १८९८ साली मुंबईत सुधार-विश्वस्त मंडळ, म्हणजेच इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापिले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या गेल्या त्या या ट्रस्टाच्या. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम लावून धरला. खोलीच्या खिडकीकडील भिंतीच्या पायथ्यापासून तेवढ्या कोनात रेषा काढली असता ती समोरच्या इमारतीने अडता कामा नये. भूमितीत हा कोन म्हणजे उंचीच्या जवळजवळ निम्मी मोकळी जागा: समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट अंतर हवे. आजच्या नगरपालिकांच्या नियमांत बाजूला एवढे फूट, मागे एवढे फूट सोडा असे जे असते त्याच्या पाठीमागे हीच दृष्टी आहे. नकाशा मंजूर करून घेताना त्या फुटांवर चरफडणाऱ्याला त्यामागचा उंदीर दिसत नाही.

तथापि सगळेच जाणते लोक जुनी वस्ती पाडून टाका असे म्हणत नव्हते. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे १९१४ पासून दहा वर्षे हिंदुस्थानात हिंडले. होळकरांच्या इंदुरासाठी १९१८ साली त्यांनी दोन खंडांचा अहवाल लिहिला. सरळ रुंद रस्त्यासाठी शंभर घरे पाडण्यापेक्षा पडकी चार-दोन काढून मध्ये चौक मोकळे करा, चौकात झाड लावा, विहीर साफ करा, असा त्यांचा मार्ग होता. इंदुरात दिवाळीत त्यांनी स्वच्छतेची मिरवणूक काढविली आणि तीत प्लेगाच्या उंदराची भव्य आकृती नेऊन शेवटी तिचे दहन केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. परदेशस्थ मनुष्याला जे उमगले ते असे की जोडघर गुदमरते ते भिंतीमुळे नव्हे, चौक बुजविल्यामुळे. वाड्यातल्या चौकावर पत्रे टाकून भाडेकरू ठेवले की वाड्याचे फुप्फुसच गेले. आजच्या डुप्लेक्समध्येही मागची चार फूट मोकळी जागा वर्षभरात पत्र्याखाली जाते. मग घरात दिवसा दिवा लावावा लागतो.

आता ज्या घटनेला मी या साऱ्या इतिहासात सर्वाधिक महत्त्व देतो तिच्याकडे वळतो. ती आपल्या वाचकांच्या घरचीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कारवार-कानड्याकडून नोकरीसाठी मुंबईस आलेली चित्रापूर सारस्वतांची तरुण कुटुंबे चाळींत राहत. चाळ म्हणजे जोडघराची शेवटची अवस्था: भिंती सामाईक, मोरी सामाईक, संडास सामाईक, आणि मालक परका. सुटे घर घेण्याची ऐपत कारकुनाच्या पगारात नव्हती. गावी परत जावे तर पोटाचा प्रश्न. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढलेली होती. १९०४ चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरताच होता. १९१२ च्या नव्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी केली. त्या वाटेने तालमकी व त्यांचे सहकारी गेले, आणि १९१५ साली गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. हिंदुस्थानातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ या संस्थेपासून मानतात, आणि तालमकींना त्या चळवळीचे जनक म्हणतात.

नवेपणा कोठे होता? या माणसांनी सुट्या घराचे स्वप्न पाहिले नाही. भिंती त्यांनी सामाईकच ठेविल्या. मात्र प्रत्येक बिऱ्हाडाचे दार, स्वयंपाकघर व न्हाणी आपापली केली. आणि भिंतीचा मालक बदलला. इंग्लंडात ईलिंग येथे १९०१ पासून चाललेल्या सहभागीदारीच्या धर्तीवर जमीन आणि इमारत संस्थेची. सभासदाकडे भाग आणि राहण्याचा हक्क. भिंत ना तुझी, ना माझी. ती संस्थेची, आणि तिच्या गळतीचा खर्च पोटनियमाप्रमाणे. वाड्यात जे काम वडिलांच्या धाकाने होत असे ते गावदेवीस वार्षिक सभेतील ठरावाने होऊ लागले. माझ्या मते आपल्या सामाजिक इतिहासातील हे स्थित्यंतर पुष्कळ मोठ्या गाजलेल्या घटनांपेक्षा अधिक दूरगामी ठरले. ज्या कुटुंबांच्या भिंतींवर हा प्रयोग झाला त्यांना त्याची कल्पना असेलच असे नाही. त्यांना पाणी वेळेवर यावे एवढेच हवे होते.

पुढे सहकाराच्या नियमांत दोन प्रकार रूढ झाले, आणि ते महाराष्ट्राच्या १९६१ च्या नियमांतही आहेत. भाडेकरू-सहभागीदारी संस्थेत इमारत संस्थेची असते. भाडेकरू-मालकी संस्थेत जमीन संस्थेची आणि तीवरचे घर ज्याचे त्याने बांधलेले. आमच्या तरुण दांपत्याचा प्रश्न तो हाच. फक्त त्याला कायद्याने नावे दिली. या चळवळीची एक बाजू मात्र डोळ्यांआड करता येत नाही. सभासदत्व एका ज्ञातीपुरते ठेवण्याची पद्धत गावदेवीनंतर सर्वत्र पसरली. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अशा पोटनियमाला मान्यताही दिली. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल बांधील आहे. परंतु ज्ञातीबाहेरच्या मनुष्यालाही पोटनियमाने शेजारी करून घेता येते हे सिद्ध करण्याची संधी त्या संस्थांनी दवडली, असे मला वाटल्यावाचून राहत नाही. एकमेकांवरील विश्वास ज्ञातीतून आला की पोटनियमातून, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

सुट्या घराला खरी गती मिळाली ती एका वेगळ्याच कायद्याने, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने गोकलचंद विरुद्ध हुकुमचंद या खटल्यात असा निर्णय दिला की एकत्र कुटुंबाच्या पैशाने विशेष शिक्षण घेऊन मुलाने जी कमाई केली, तीत सगळ्या कुटुंबाचा वाटा आहे. खटल्यातील कमावता मुलगा सिव्हिल सर्व्हंट होता. या निर्णयाखाली वकील, डॉक्टर, प्राध्यापक कोणीही बंगला बांधला तरी तो चुलत्या-पुतण्यांच्या वाटणीत ओढला जाण्याची भीती होती. बॅ. मुकुंदराव जयकरांनी पुढाकार घेतला आणि १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला. शिक्षणावर मिळविलेले धन ज्याचे त्याचे, असे ठरले. मनूने नवव्या अध्यायात भावांनी एकत्र राहावे किंवा वेगळे राहावे असे दोन्ही सांगून, वेगळे राहिल्याने धर्माची वृद्धी होते असा अभिप्राय दिला आहे, कारण प्रत्येक चुलीपाशी स्वतंत्र देवपूजा होते. त्या वचनाला १९३० नंतर विटा-चुन्याचे रूप आले. १९३६ चा नागपूर इंप्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा त्याच काळातला. आमची राजधानी तेव्हा नागपूर. १९५६ पर्यंत आमची अपिलेही तेथेच जात. महालातल्या वाड्यातून धरमपेठेतल्या स्वतंत्र घरात राहावयास गेलेला वकील हे बालाघाटच्या तरुण वकिलांचे दैवत होते, आणि त्या दैवताच्या दाराशी फाटक, फाटकावर पाटी, आत मोगऱ्याचा वेल असे.

वाड्यांचा शेवट पुण्यात पाण्याने केला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व त्यामागून खडकवासला धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतील मातीच्या जोडाची घरे ओळीने बसली. एकाची भिंत गेली की दुसऱ्याच्या तुळईचा आधार गेला. विस्थापितांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उठल्या. उलट अनुभव मराठवाड्याचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे कोसळली. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली, चौकटीच्या आखणीत, एकमेकांपासून सुटी. घरे मजबूत होती. परंतु गाव अनेक पटींनी पसरले. म्हाताऱ्या माणसांना देऊळ लांब पडले, भावकी विखुरली, आणि कित्येकांनी घराभोवती उंच भिंत घालून जुन्या वाड्याचा आडोसा पुन्हा उभा केला. सुट्या घराचे हे मोल आपण सहसा हिशेबात धरीत नाही.

येवढे सांगून झाल्यावर दांपत्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण ते अजून खुर्चीवर बसलेले आहे. तीस फूट रुंद आणि पन्नास फूट खोल प्लॉट घेतला, पुढे दहा आणि इतर तीन बाजूंस पाच-पाच फूट सोडले, की बांधावयास वीस बाय पस्तीस, म्हणजे सातशे चौरस फूट उरतात; निम्म्याहून अधिक जमिनीचे पैसे वाऱ्यासाठी दिलेले असतात. त्या पाच फुटांत झाड होत नाही आणि मूल खेळत नाही. बहुधा तेथे पाण्याची टाकी आणि मोडक्या खुर्च्या येतात. शिवाय कुंपण, विहीर किंवा बोअर, गटार आणि रात्रीची राखण हे सर्व एकट्याचे. दिवसभर दोघेही कामावर आणि मूल सांभाळावयास वडील माणूस नाही, अशा घराला गावाबाहेरचा प्लॉट जाचतो. भिंतीपलीकडे माणूस असणे अशा वेळी उपकारक असते. ज्यांच्याकडे आई-वडील राहावयास येणार आहेत, ज्यांना एक खोली तळमजल्यावर पुढेमागे वाढवावी लागेल, त्यांचा हिशेब उलटा. तेथे जमीन घ्यावी, आणि घर लहान बांधावे.

जोडघर घेणाराला मी दोन गोष्टी विचारतो. देवघर कोणत्या भिंतीला आहे आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्याचे काय आहे? हा प्रश्न ऐकून तरुण मंडळी हसतात. वास्तूपूजेनंतर पलीकडे संडास निघाला म्हणजे हसू मावळते, आणि तोवर नळ बसलेले असतात. दुसरा प्रश्न: ओळीतील सर्व घरांची संस्था होणार आहे काय? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने सामाईक भाग खरेदीदारांच्या संघाकडे सोपविण्याचे बंधन विकसकावर घातले आहे, आणि बांधकामातील मूलभूत दोष पाच वर्षांत आढळल्यास तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा आहे. परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठ घरांपर्यंतची योजना यांना नोंदणी लागत नाही. लहान गावी आठच घरांची ओळ उठते ती उगाच नव्हे. अशा ओळीत संघ नाही, पोटनियम नाही, वडील नाहीत आणि मठही नाही. आठ परकी कुटुंबे आणि सात सामाईक भिंती. या स्थितीत जोडघर घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. आठही खरेदीदार एकत्र येऊन भिंती, गच्ची आणि गटार यांचा करार नोंदवीत असतील, तर त्याच घराला माझी संमती असते, आणि कर्ज अर्धे राहते हा लाभ वेगळा.

एक शंका राहते. ‘सुटे घर पुढे मुलांना उपयोगी पडेल,’ असे सासरेबुवा म्हणतात. पडेल, पण सुट्या रूपात नव्हे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे २३ वे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून गेले. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलीला आता भावांच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही, आणि हे योग्यच झाले. चाळीस फूट रुंदीचा प्लॉट दोन भावंडांत वाटला की वीस-वीस फुटांचे दोन तुकडे होतात. प्रत्येकाने दोन्ही बाजूंस पाच-पाच फूट सोडावयाचे ठरविले तर दहा फुटांचे घर उरते. म्हणून मध्ये एकच भिंत घालतात आणि दोन जोडघरे उभी राहतात. धरमपेठेत हे घडले, आमच्या येथील जुन्या आवारांतही घडत आहे. असे वाटणीपत्र लिहावयास आले की मी दागिने आणि शेतीच्या आधी मधल्या भिंतीचे कलम लिहितो: जाडी किती, पाया कोणाच्या जमिनीत किती, तुळई कोठवर खोचावयाची, आणि ओल आली तर गवंड्याची मजुरी कोणी द्यावयाची.